प्रवासात मोबाईलवर घरचा कॅमेरा बघताय? जे दिसतंय ते खरंच 'लाईव्ह' आहे का?

गणपतीला कोकणात निघालात. डोंबिवलीच्या घराला कुलूप आहे. गाडी सुटल्यावर आठवतं, बाल्कनीचं दार लावलं होतं का? मोबाईलवर कॅमेऱ्याचं ॲप उघडता. हॉल दिसतो, सोफा दिसतो, दार बंद दिसतं. जीव भांड्यात पडतो.

पण स्क्रीनच्या कोपऱ्यातली वेळ बघितलीत का? कदाचित ते चित्र चार मिनिटांपूर्वीचं असेल. गाडी बोगद्यात शिरली तेव्हाच ते अडकलं असेल.

वाय-फाय कॅमेरे आता घरोघरी दिसतात. गावी एकटे राहणारे आई-बाबा, पाळणाघरातून आलेलं बाळ, बंद घर, दुकानाचा गल्ला, सगळ्यावर लक्ष ठेवायला लोक ते लावतात. पण बाहेर असताना या कॅमेऱ्यावर किती विसंबायचं, हे समजण्यासाठी आधी व्हिडिओ आपल्यापर्यंत येतो कसा ते पाहू.

घरातला व्हिडिओ मोबाईलपर्यंत येतो कसा?

कॅमेरा वायरलेस म्हणजे त्याला व्हिडिओची वायर नसते. बॅटरीवर चालणारे कॅमेरे सोडले तर विजेची वायर लागतेच. कॅमेरा वाय-फायने राऊटरशी जोडलेला असतो आणि राऊटर इंटरनेटशी.

राऊटर बाहेरच्या कुणालाही थेट घरात शिरू देत नाही. म्हणून कॅमेरा स्वतःच कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क ठेवून असतो. तुम्ही ॲप उघडलं की मोबाईलही त्याच सर्व्हरकडे जातो. सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. शक्य असेल तर व्हिडिओ कॅमेऱ्याकडून थेट मोबाईलवर येतो. नाही जमलं, तर सर्व्हरमार्गे येतो.

मोबाईल नेटवर्कवर अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता दिलेला असतो. त्यामुळे थेट गाठ पडणं अवघड होतं. घरात वाय-फायवर पटकन उघडणारा व्हिडिओ बाहेर काही सेकंद घेतो, त्यामागे हे एक कारण आहे.

गाडीत असताना व्हिडिओ का अडकतो?

गाडी पुढे जाते तसा मोबाईल एक टॉवर सोडून दुसरा पकडतो. घाटात, बोगद्यात रेंज जाते. कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदाच सुमारे साडेसहा किलोमीटरचा आहे. रेंज गेली की काही ॲप्स 'कनेक्ट होत आहे' असं सांगतात, काही शेवटचं चित्र तसंच ठेवतात. रिकाम्या घरात तसंही काही हलत नसतं, त्यामुळे चित्र थांबलंय हे लक्षातच येत नाही. म्हणून कोपऱ्यातल्या घड्याळाचे सेकंद पुढे सरकतायत का, हे आधी बघायचं.

दुसरं टोक घरी असतं. तुमच्या मोबाईलला फुल रेंज असली, तरी घरच्या इंटरनेटचा अपलोड स्पीड कमी असेल तर व्हिडिओ अडकणारच. बहुतेक स्वस्त कॅमेरे 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. हा सिग्नल 5 गिगाहर्ट्झपेक्षा भिंतींमधून चांगला जातो, पण सोसायटीत शेजारपाजारचे राऊटरही त्यावरच असल्याने गर्दी होते.

डेटा किती जातो?

हिशोब सोपा आहे. व्हिडिओ 2 एमबीपीएसने येत असेल, तर तासाला साधारण 900 एमबी जातात. रोजचा दीड जीबीचा पॅक पावणेदोन तासांच्या आतच संपेल. ॲपमध्ये एचडीऐवजी एसडी निवडलं आणि वेग अर्धा एमबीपीएस झाला, तर तासाला सव्वादोनशे एमबी पुरतात. चित्र थोडं धूसर दिसतं, पण अडकतं कमी.

खरं तर सतत बघत बसायची गरजच नाही. हालचाल झाली की सूचना येईल असं सेटिंग करा. पडदा हलला तरी फोन वाजत असेल, तर फक्त माणूस दिसल्यावर सूचना देण्याची सोय कॅमेऱ्यात आहे का ते पाहा.

आणि हो, गाडी चालवताना हातात मोबाईल धरून कॅमेरा बघू नका. मोटार वाहन कायद्यानुसार गाडी चालवताना हातातला फोन वापरणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये येतं.

लाईट गेली तर?

राऊटर बंद, म्हणजे कॅमेरा आंधळा. राऊटर आणि कॅमेरा दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या, किंवा राऊटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस लावा. फक्त इंटरनेट गेलं, तर मेमरी कार्डवर रेकॉर्डिंग चालू राहतं. पण चोराने कॅमेराच उचलून नेला, तर कार्डही गेलं. क्लाउड रेकॉर्डिंग तिथे उपयोगी पडतं, मात्र त्याला सहसा दरमहा पैसे मोजावे लागतात.

तुमच्याशिवाय आणखी कोण बघतंय?

सगळ्यात गंभीर प्रश्न हाच आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोटमधल्या एका प्रसूती रुग्णालयातले महिलांच्या तपासणीचे सीसीटीव्ही व्हिडिओ यूट्यूब आणि टेलिग्रामपर्यंत पोहोचल्याचं उघड झालं. पोलिसांनी पकडलेल्या संशयितांमध्ये लातूर आणि सांगलीचे तरुणही होते.

त्याआधी 2016 मध्ये 'मिराई' नावाच्या मालवेअरने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले. त्यासाठी कारखान्यातून आलेले, कुणी न बदललेले पासवर्ड पुरेसे ठरले.

भारतात एप्रिल 2025 पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सायबर सुरक्षेचे निकष आणि चाचणी सक्तीची झाली आहे. पण आधी घेतलेले कॅमेरे आजही भिंतींवर आहेतच.

मग काय करायचं?

• कॅमेऱ्याचा आणि वाय-फायचा मूळ पासवर्ड आजच बदला. दोन्हीकडे एकच पासवर्ड नको.
• ॲपमध्ये ओटीपीची दुहेरी सुरक्षा चालू करा.
• फर्मवेअर अपडेट टाळू नका.
• कॅमेरा बसवणाऱ्याने स्वतःच्या ईमेलवर खातं उघडलंय का ते तपासा. असेल तर कॅमेरा रिसेट करून आपल्या नावाने जोडा.
• घरच्यांना ॲपमधून शेअर करा, पासवर्ड देऊ नका.
• बेडरूममध्ये, बाथरूमकडे तोंड करून कॅमेरा नको. घरात काम करणाऱ्यांनाही कॅमेरा असल्याचं सांगा.

एक गोष्ट मात्र कुठल्याच ॲपमध्ये नाही. कॅमेरा दार उघडं आहे एवढंच दाखवेल, लावायला कुणीतरी जावंच लागेल. म्हणून निघताना शेजारच्या काकूंकडे एक किल्ली ठेवा.