आधी घोड्याची पाठ, मग आपलं पाकीट

घोड्याला कॉलरबोनच नसते! त्याचे पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेले नसतात, स्नायूंनी तोललेले असतात. पाय पुढे फेकला की खांद्याच्या पात्याची वरची कड मागे सरकते. त्यामुळे जंपिंग सॅडल घेताना पहिला प्रश्न ब्रँडचा नाही, या पात्याला हलायला जागा उरते का, हा. ऐन अडथळ्यापाशी घोडा थबकला की आपण त्याला भित्रा ठरवून मोकळे होतो. बिचाऱ्याचा खांदा खोगिराखाली जखडलेलाही असू शकतो.

घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. खोगिराने शेवटच्या बरगडीची हद्द ओलांडायची नाही, कारण त्यामागे कमरेला बरगड्यांचा आधार नाही. धिप्पाड स्वार आणि आखूड पाठीचा घोडा अशी जोडी आली की खोगीरवाल्याच्या कपाळाला आठ्या पडणारच.

सीट इंचांत मोजतात, पुढच्या बाजूच्या बटणापासून मागच्या कडेच्या मध्यापर्यंत. मोठ्या माणसांना बहुधा १६.५ ते १८ लागते. पण नुसत्या इंचांवर भुलू नका. मांडी लांब असेल तर फ्लॅप, म्हणजे पायाखाली येणारी चामड्याची बाजू, पुढे काढलेला हवा, नाहीतर रिकीब आखूड केली की गुडघा बाहेर!

आखूड रिकिबीची ही युक्ती इटालियन घोडदळातल्या फेदेरिको काप्रिल्लीची. त्याच्याआधी स्वार उडी घेताना मागे रेलायचे आणि तोल राखायला लगाम खेचायचे. घोड्याच्या तोंडाचे आणि पाठीचे हाल! काप्रिल्लीने स्वाराला पुढे झुकवलं, घोड्याची पाठ मोकळी केली. १९०७ मध्ये, वयाच्या ३९व्या वर्षी, तो गेला तोही घोड्यावरून पडूनच. आजच्या जंपिंग सॅडलची उथळ सीट आणि पुढे झुकलेला फ्लॅप ही त्याच्याच पद्धतीची देणगी.

खोगिरात आता कार्बन फायबरचे सांगाडे आले, पण घोड्यांच्या उंच उडीचा विक्रम १९४९ पासून जागचा हललेला नाही. चिलीमधल्या विन्या देल मार इथे कॅप्टन अल्बेर्तो लारागिबेल यांच्यासह वासो नावाच्या घोड्याने २.४७ मीटर उंची पार केली. हा घोडा आधी रेसमध्ये चमकला नव्हता. जाहिरातवाल्यांनी नोंद घ्यावी.

खोगीर पारखताना ते आधी पॅडशिवाय, तंग न आवळता पाठीवर ठेवा. कणा मोकळा राहतोय ना, मधे पोकळी तर नाही ना, हे हात घालून बघा. ‘जाड पॅड टाकलं की बसेल’ असं कुणी म्हटलं तर हसून सोडून द्या. घट्ट जोड्यात जाड मोजे घालून पाय सुखावत नाही. रपेट झाल्यावर घामाने भिजलेल्या पाठीवर एखादाच कोरडा डाग दिसला तर तिथे दाब पडत असण्याची शक्यता असते.

इंग्लंडमधलं वॉल्सॉल खोगिरांसाठी इतकं प्रसिद्ध, की तिथल्या फुटबॉल क्लबचं टोपणनावच ‘सॅडलर्स’. आपल्याकडे हा मान कानपूरचा. तिथल्या खोगिरांना जीआय मानांकन आहे. महागड्या बॅगांसाठी मिरवणारी एर्मेस कंपनीही १८३७ मध्ये पॅरिसला घोड्यांचा साज बनवत सुरू झाली.

खोगीर घेतलं म्हणजे काम संपलं, असं नाही. ऋतू, खुराक आणि कसरतीनुसार घोड्याची पाठ बदलते, खोगिराच्या आतली लोकर दबते. वर्षातून एकदा तरी जाणकाराला दाखवा. आणि घोडा न बघताच कुणी ‘हेच बसेल’ म्हणत असेल, तर दुसरं दुकान गाठा.