काचनळीतील रोप

केळीची बाग मुनव्यांवर वाढते आणि पानफुटीच्या पानाच्या कडेला रोपे फुटतात, हे आमच्या मुलांना सांगावयास नको. परंतु देठाच्या गाभ्याचा शितभर तुकडा घेतला, तर त्यापासून सबंध झाड उभे राहील काय? ते राहते, कसे, ते आपण पाहू या.

सन १९०२ मध्ये हाबरलांट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने असा विचार मांडला की, झाडाच्या एकेका जिवंत पेशीत सबंध झाड घडविण्याची शक्ती सुप्त असावी. त्याने पानांतील पेशी अलग करून पोषक द्रवात ठेवल्या. त्या जगल्या, फुगल्याही. पण एकीचेही विभाजन झाले नाही. त्याची कल्पना खोटी नव्हती. पेशींना अन्न मिळाले होते, आज्ञा मिळाली नव्हती.

ही आज्ञा देणारी द्रव्ये म्हणजे संप्रेरके. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात स्कूग आणि त्यांचे सहकारी तंबाखूच्या देठातील भेंडावर प्रयोग करीत असत. ऑक्सिन नावाचे संप्रेरक दिले की पेशी नुसत्या फुगत. त्यात नारळाचे पाणी घातले की विभागू लागत! (आपल्या माडाचा हा गुण ऐकून कोणास आनंद होणार नाही?) तेव्हा विभाजन घडविणारे दुसरे एखादे द्रव्य असलेच पाहिजे. मिलर यांना ते हेरिंग माशाच्या शुक्रपेशींतील डीएनएच्या एका जुन्या साठ्यात आढळले. गंमत अशी की, ताजा डीएनए निरुपयोगी ठरला. तो दाबाखाली तापविला तेव्हाच त्यालाही तो गुण आला. त्यातून १९५५ साली कायनेटिन वेगळे काढण्यात आले. त्या वर्गाच्या संप्रेरकांना आज सायटोकायनिने म्हणतात.

खरी मौज १९५७ साली उघड झाली. ऑक्सिन अधिक व कायनेटिन कमी ठेवले, तर तुकड्यास मुळे फुटली. उलट केले, तर कोंब आले. दोन्ही बेताची ठेवली, तेव्हा ना मूळ ना कोंब, पेशींचा ओबडधोबड गोळा, म्हणजे कॅलस, तेवढा वाढत राहिला. मुळाचे एक औषध आणि कोंबाचे दुसरे, असा हा प्रकार नव्हे; परस्परांचे प्रमाणच सारे ठरविते. आणि मात्रा केवढी? एका लिटरमध्ये एकदोन मिलिग्रॅमही पुष्कळ होतात.

प्रयोगशाळेत खनिजे, साखर व संप्रेरके अगरमध्ये थिजवून त्यावर निर्जंतुक तुकडा ठेवतात. बुरशीचा एक कण शिरला तरी सारे श्रम वाया जातात. नळीतील दमट हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो. म्हणून ही रोपे एकदम उन्हात न नेता हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावावी लागते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील नाडगौडा, पारशरामी व मास्करेन्हस यांनी १९९० साली आणखी नवल दाखविले. कित्येक दशकांनी एकदा फुलणारा बांबू त्यांनी कोवळ्या रोपावस्थेत नळीतच फुलविला. आणि तेथेही सायटोकायनिनाच्या जोडीला नारळाचे पाणी होते.

आज जळगावकडील केळीबागांत अशीच रोपे मोठ्या प्रमाणावर लावतात. बाग एकसारखी वाढते, घड जवळजवळ एकाच सुमारास येतात. पण हे सारखेपण दुधारी आहे. मातृझाडात पर्णगुच्छाचा विषाणू लपलेला असला, तर तो नळीतून हजारो रोपांत उतरतो, आणि रोप हिरवेगार दिसत असल्याने शेतकऱ्यास लावताना काहीच उमगत नाही. म्हणून पहिला तुकडा कापण्यापूर्वी मातृझाडाची विषाणूतपासणी करावी लागते.