योहानिसबेर्गच्या द्राक्षगडावर

साठी उलटली तरी ज्याच्या ओठांस मद्य लागलें नाहीं, त्यानें मद्यशाळेच्या भेटीचें वर्णन लिहावें, यांत विसंगति आहे हें आम्ही आरंभींच कबूल करतों. आमच्या वडिलांस दिलेला शब्द आम्हीं आजवर पाळला आहे व पुढेंही पाळूं. परंतु पाहणें, हुंगणें आणि विचारणें यांस त्या शब्दानें बंदी केलेली नाहीं. आणि शिक्षकाचा जन्म तर विचारण्यांतच जातो.

2024 च्या मे महिन्यांत आम्ही उभयतां चिरंजीवांकडे फ्रँकफुर्ट येथें गेलों होतों. एका रविवारीं मोटारीनें तासाभराच्या अंतरावरील योहानिसबेर्ग पाहण्याचा बेत ठरला. ऱ्हाईन नदी सामान्यतः उत्तरेकडे वाहते. परंतु माइन्त्स शहरापाशीं टाउनुस डोंगर आडवा येतो व ती सुमारें 30 किलोमीटर पश्चिमेकडे वळते. त्यामुळें तिच्या उजव्या तीरावरील उतार थेट दक्षिणेकडे तोंड करून उभे आहेत. दिवसभर ऊन, पाठीशीं थंड वारे अडविणारा डोंगर आणि पायथ्याशीं विस्तीर्ण पात्र, अशी ही ऱ्हाईनगाऊची भूमि द्राक्षांकरितां जणूं मुद्दाम मांडून ठेवली आहे. तिच्यांतील एका टेंकडीच्या माथ्यावर पिवळसर रंगाचा योहानिसबेर्गचा प्रासाद आहे व चोहोंकडून वेलींच्या रांगा त्याच्यापर्यंत चढत गेल्या आहेत. या मळ्यांतून पन्नासावें अक्षवृत्त जातें व तशी खूणही तेथें उभारली आहे.

आमचें नाशिक विसाव्या अक्षवृत्तालगतचें. तेथें वेलास थंडीची झोंप नाहीं, म्हणून एप्रिलांत खरड छाटणी व ऑक्टोबरांत गोडी छाटणी अशी दोनदां कात्री लावावी लागते आणि द्राक्षें फेब्रुवारी-मार्चांत उतरतात. येथें वेल हिवाळाभर निजलेला असतो. छाटणी एकदांच, आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरांत. आपल्यासारखे डोक्यावरचे मंडप नाहींत. तारांवर चढविलेल्या उभ्या रांगा, पटांगणांत कवायतीला उभ्या केलेल्या मुलांसारख्या.

या जागेचा इतिहास मोठा आहे. त्यांतील ठळक टप्पेच सांगतों. सुमारें 1100 सालीं बेनेडिक्टाइन पंथाच्या संन्याशांनीं येथें मठ बांधला. 1716 सालीं फुल्डाच्या मठाधिपतींनीं तो विकत घेतला व 1720 सालीं टेंकडीवर रीसलिंग या एकाच जातीच्या वेलांची मोठी लागवड केली. पुढें मठ खालसा झाला. नेपोलियननें ही मालमत्ता आपला सेनापति केलरमान यास दिली. त्याच्या पाडावानंतर 1816 सालीं ऑस्ट्रियाच्या बादशहानें ती मुत्सद्दी मेटर्निख यास बक्षीस दिली, परंतु उत्पन्नाचा दहावा हिस्सा राजघराण्यास पोंचवावा या अटीवर. 1942 च्या ऑगस्टांत विमानांतून झालेल्या बाँबफेकींत सर्व इमारती जळाल्या. आज दिसतो तो प्रासाद त्यानंतर पुन्हां उभारलेला आहे.

अंगणांत एका घोडेस्वाराचा पुतळा आहे. त्याची हकीकत अशी सांगतात. द्राक्षें तोडण्यापूर्वीं दूरच्या फुल्डाहून मठाधिपतींची लेखी परवानगी आणावी लागे. 1775 सालीं परवानगी आणणारा स्वार वाटेंत कांहीं कारणानें दोन आठवडे खोळंबला. तोंवर मळ्यांत द्राक्षें सुरकुतून त्यांवर बुरशी चढली. बिचाऱ्या संन्याशांनीं टाकून देण्यापेक्षां बरें म्हणून तींच गाळलीं. आणि पुढच्या वसंतांत पिंप उघडलें तों आंत अपूर्व रस निघाला! यामागचें कारण शास्त्रीय आहे. बोट्रायटिस नांवाची ही बुरशी द्राक्षाच्या सालीस सूक्ष्म छिद्रें पाडते. त्यांवाटे आंतलें पाणी उडून जातें व साखर, आम्लता आणि सुगंध हीं दाट होतात. तेव्हांपासून उशिरा तोडलेल्या द्राक्षांच्या मद्यास ‘श्पेटलेझे’, म्हणजे उशिराची काढणी, असें नांव पडलें. ज्या उशिराबद्दल आम्हीं मुलांस छड्या मारल्या असत्या, त्याचा येथें पुतळा झाला आहे.

तळघरांत जुन्या बाटल्यांचा सांठा आहे. सर्वांत जुनी 1748 सालची. त्या दालनास त्यांनीं लॅटिनमध्यें ‘भूमिगत ग्रंथालय’ असें नांव दिलें आहे. खालीं थंडावा, ओलसर दगड, मेणबत्त्यांचा उजेड आणि धुळीनें काळवंडलेल्या बाटल्या. ग्रंथालयाचें साम्य आम्हांस मुळींच खोटें वाटलें नाहीं. प्रत्येक प्रतीस निराळ्या रंगाच्या लाखेचें नांव आहे: साधें तें पिवळ्या लाखेचें, त्यावरचें तांबड्या, उशिराच्या काढणीचें हिरव्या, आणि अतिगोड व दुर्मिळ तें सोनेरी. जर्मन भाषेंत या लाखेस ‘लाक’ म्हणतात. हा शब्द आपल्या ‘लाक्षा’ शब्दाचाच वंशज. फारशी, अरबी व इटालियन या मजला करीत तो येथवर आला. परक्या तळघरांत ओळखीचें माणूस भेटावें तसा आनंद आम्हांस झाला.

दुपारीं प्रासादाच्या गच्चीवर जेवावयास बसलों. खालीं वेलींचे उतार, त्यापलीकडे नदी. सूनबाईंनीं पांढऱ्या शतावरीचे कोंब मागविले. लोणी व उकडलेले बटाटे यांसह हा पदार्थ येथें वसंतांतच मिळतो. 24 जूनला त्याचा हंगाम संपला असें समजतात. आम्हां उभयतांस बटाट्यांसह सात पाल्यांची हिरवी चटणी आली, अंडीं वगळून. तिच्यांतील एक पाला आपल्या चुक्याच्या कुळांतला निघाला. सूनबाईंच्या पेल्यांत पिवळ्या लाखेचें कोरडें, म्हणजे अगोड, रीसलिंग होतें. आम्हीं तो पेला नुसता हुंगला: हिरवें सफरचंद, लिंबाची साल, आणि पावसाच्या पहिल्या सरीनंतर दगडांस येतो तसा गंध. जुन्या रीसलिंगास रॉकेलाचा वास येतो व रसिक तोही गुण मानतात, असें वाढणाऱ्या बाईंनीं सांगितलें. लोण्याचा तुपटपणा आंबट रसानें कापला जातो, म्हणून ही जोडी, असा त्यांचा खुलासा. तूपभातावर लिंबू पिळणाऱ्या माणसास हें निराळें शिकवावें लागत नाहीं.

जेवण आटोपतां आटोपतां चिरंजीवांनीं उतारांकडे बोट दाखवून विचारलें, “बाबा, ही ती द्राक्षांनीं वेढलेली भूमि ना?”

आम्ही चपापलों. रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत रघूचे योद्धे पारसीकांस जिंकल्यावर अशाच भूमीवर अजिनें पसरून ‘मधु’ पिऊन श्रम घालवितात. शाळा सुटल्यावर चार होतकरू मुलांस, त्यांत चिरंजीवही, आम्हीं हा सर्ग शिकविला होता. आणि मधु म्हणजे मध, असा अर्थ सांगून पुढें गेलों होतों. तो अर्थ चुकीचा आहे हें आम्हांस तेव्हांही ठाऊक होतें. द्राक्षरसाच्या मद्यास कौटिल्यानेंही मधु असेंच म्हटलें आहे. परंतु त्या चार मुलांत एक असा होता, ज्याच्या बापानें दारूपायीं शेत व राहतें घर घालविलें होतें. त्याच्यापुढें तो शब्द आमच्यानें उच्चारवेना.

हें सर्व आम्हीं चिरंजीवांस सांगितलें. ते कांहीं वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “बाबा, त्यानें वाचनालयांतली सार्थ प्रत आधींच वाचली होती. घरीं जातांना तो मला म्हणाला, मास्तर अडखळले तेव्हां कळलें कीं आमच्या घरची गोष्ट त्यांनाही ठाऊक आहे. पुढें महिनाभर तो मागच्या बाकावर बसत होता.”

तें आम्हांस आठवत होतें. डोळे अधू झाले असतील असें समजून आम्हींच त्यास पुढें बसविलें होतें.

संध्याकाळीं घरीं हिरव्या लाखेची बाटली उघडली. सौभाग्यवतींनीं मसालेभात केला होता. तरुण मंडळींनीं आधीं एक तांबडें मद्य त्याबरोबर घेऊन पाहिलें. तें तुरट लागून मिरचीचा जाळ दुणावला. तांबड्या मद्यांतील तुरटपणा व अल्कोहोल हीं दोन्हीं तिखटाशीं भांडतात. उशिराच्या काढणीचें रीसलिंग मात्र जमलें. त्यांत अल्कोहोल कमी, गोडी बेताची, आणि आंबटपणामुळें तोंड स्वच्छ. शेवटीं शिऱ्याबरोबर तेंच मद्य आंबट व फिकें लागलें, कारण पक्वान्नापेक्षां पेय अधिक गोड असावें असा नियम आहे. हें ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, यांत नवें तें काय? पुरणपोळीशीं कटाची आमटी आमच्या आजेसासूबाईंनीं कोणत्या मद्यशाळेंत शिकून घेतली होती?” सर्वांत उत्तम परीक्षण तेंच होतें.

कोणी या लेखास मद्याची शिफारस समजूं नये. मद्याचें कोणतेंही प्रमाण प्रकृतीस निर्धोक नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें 2023 सालीं स्पष्ट सांगितलें आहे. आणि एका घराची धूळधाण आम्हीं स्वतः पाहिली आहे. पण आमच्याच घरीं फडताळांत द्राक्षासवाची बाटली असते, व धायटीच्या फुलांनीं आंबविलेल्या त्या औषधांतही अल्कोहोल असतें, हेंही खरें. वस्तु टाळावयाची तर तिचें नांव माहीत असून टाळावी.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या विद्यार्थ्यास पत्र लिहिलें. आज तो स्वतः दोन मुलांचा बाप आहे. पत्रांत क्षमायाचना लांबविली नाहीं. तो श्लोक घेतला, प्रत्येक पदाचा अन्वय केला, आणि मधु या पदापुढें ‘द्राक्षांचें मद्य’ असें स्वच्छ अक्षरांत लिहिलें. खालीं एवढेंच जोडलें कीं, त्या दिवशीं शब्द आम्हांस आला नाहीं, तुला नव्हे. पोरांपासून शब्द लपविला म्हणजे दुःख लपत नाहीं. तें फक्त एकटें पडतें, एवढें आम्ही त्या टेंकडीवर शिकलों.