शिट्टी

पेणच्या कासार आळीतल्या या कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही. जमिनीपासून माळ्यापर्यंत गणपतीच गणपती. काही पांढरेशुभ्र, काहींच्या अंगाला रंग लागलेला, काहींचं पितांबरही झालेलं. डोळे मात्र अजून कुणालाच नाहीत. चतुर्थी २७ ऑगस्टला, म्हणजे हातात जेमतेम महिना. बाहेर पाऊस असा कोसळतोय की पत्र्याखाली प्रत्येकाचा आवाज आपोआप चढतो. आज २६ जुलै २०२५. रायगडात या तारखेला पाऊस लागला की २००५ सालच्या महापुराची गोष्ट निघाल्याशिवाय राहत नाही, पण आज ती निघत नाही.

मंगळवारी ऑझी ऑस्बॉर्न गेला.

म्हणून आज शनिवारी रोह्याचा मित्र दिवा गाडी पकडून पेणला उतरलाय. रेनकोट खुंटीला, अंगात काळा टी-शर्ट. त्यावरचं चित्र धुऊन धुऊन इतकं पुसट झालंय की काय होतं ते त्यालाच सांगावं लागतं. धाटावच्या एमआयडीसीत ऑपरेटर आहे तो. उद्या फर्स्ट शिफ्ट, तरी आलाय. कारखानदार आमचा शाळेपासूनचा दोस्त. तो पाटावर बसून मूर्तीच्या शेल्याची किनार ओढतोय आणि मान वर न करता म्हणतो, "ये, बस. त्या बादलीवर नको, ओली आहे."

खिळ्याला टांगलेल्या छोट्या स्पीकरवर ऑझीचा बँड, ब्लॅक सबाथ, चालू आहे. आवाज बेताचा, कारण पलीकडे आई झोपल्यात. श्रावण कालच लागला, त्यामुळे वहिनींनी पोह्याचे पापड आणि बटाट्याची भजी पाठवलीत.

"ही गिटार ऐक," रोहेकर म्हणतो. "हा टोनी आयोमी. सतरा वर्षांचा होता, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. मशीनमध्ये हात गेला. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. आणि हा डावरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो."

कारखानदाराचा कुंचला थांबतो.

"मग?"

"मग प्लॅस्टिकची बाटली वितळवली, बोटांना टोपणं केली. तारा दाबताना दुखायचं म्हणून पुढं तारा सैल केल्या. त्यातून हा आवाज आला. असा खालचा, जड."

बोलता बोलता तो स्वतःचा पंजा उघडून पाहतो. प्लांटमध्ये उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाचं हे पाहणं मला कळतं. आयोमीचं बर्मिंगहॅम आणि धाटाव यांच्यात समुद्र असतील, पण पाळीचा भोंगा ऐकत वाढलेल्या माणसाला हे संगीत परकं वाटत नाही. मेटलला नुसता गोंगाट म्हणणाऱ्यांनी ही बोटांची गोष्ट एकदा ऐकावी असं मला मनापासून वाटतं.

ऑझीला आमच्यापैकी कुणीच प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. ५ जुलैला व्हिला पार्कवर तो शेवटचा गायला. काळ्या सिंहासनावर बसून, कारण उभं राहणं आता जमत नव्हतं. सोबत आयोमी, गीझर बटलर, बिल वॉर्ड, मूळचे चौघं. रोहेकराने ते मोबाइलवर पाहिलं. "सतरा दिवसांत गेला," एवढंच म्हणतो आणि भजं उचलतो.

मग ज्यांना पाहिलं त्यांच्यावर गोष्ट येते.

"१ फेब्रुवारी २००८," रोहेकर सुरू करतो. तारीख तो लग्नाच्या तारखेसारखी सांगतो. "शुक्रवार. सेकंड शिफ्ट होती, एका भावाच्या गळ्यात घातली. आयर्न मेडन, बीकेसीचं ग्राउंड. त्यांचा सगळा जगाचा दौरा तिथून सुरू झाला, मुंबईतून! स्वतःचं विमान घेऊन आले होते, बोइंग ७५७, आणि चालवणारा कोण? गाणाराच. ब्रूस डिकिन्सन."

"त्यांचा तो भुतासारखा एडी आला होता का रे?" कारखानदार विचारतो. याचं उत्तर त्याला माहीत आहे, दरवेळी विचारतो.

"आला ना! उंच. चालत आला."

"आत माणूस?"

"माणूसच. पायांना काठ्या."

"तोल कसा धरतो पण? डोकं मोठं, खांदे रुंद." तो हाताने हवेत सांगाडा उभा करतो. "आमच्या मोठ्या मूर्तीला पाठीमागून टेकू द्यावा लागतो, आणि हा चालतो." गाण्यांबद्दल तो कधी एवढं विचारत नाही. मैफलीतलं हे त्याला घ्यायचं असतं आणि तो ते घेतो.

त्याची लेक माळ्याखाली बसून मुकुटांना सोनेरी लावतेय. ती आतापर्यंत गप्प होती. आता म्हणते, "आमचं कोल्डप्ले तुम्ही रॉकमध्ये धरणार नाही, माहितीये."

"धरतो गं," रोहेकर उदारपणे म्हणतो. "सांग तू."

ती १९ जानेवारीला गेली होती, नेरूळला, डी. वाय. पाटील स्टेडियमवर. हातात प्रत्येकाला पट्टा दिलेला. त्यातले दिवे लांबून चालवतात, निघताना तो परत करायचा. "आणि पिवळ्याचं गाणं लागलं ना बाबा, तेव्हा अख्खं स्टेडियम एका क्षणात पिवळं झालं. माझ्या हातासकट."

"कुठला पिवळा?"

ती थांबते. खरंच आठवून बघते. "लेमन नाही. आपण पितांबराला पहिला हात देतो ना, तो. शेड मारायच्या आधीचा."

कारखानदार मान हलवतो. त्याला दिसलं. मलाही दिसलं, आणि मी तर त्या रात्री घरी जेवत होतो.

त्याच स्टेडियमवर मी १५ डिसेंबर २०१९ ला यूटूला ऐकलं. त्यांच्या त्या दौऱ्याचा तो शेवटचा कार्यक्रम; ए. आर. रहमान येऊन त्यांच्यासोबत गायला. सांगायला बसलो की मी स्टेजवर फार वेळ टिकत नाही, लगेच पनवेलच्या एसटी स्टँडवर येतो. नेरूळ आम्हाला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ, तरी कार्यक्रम सुटतो तेव्हा रोह्याकडची गाडी कधीच गेलेली असते. मग पनवेल ते पेण मिळेल त्या वाहनाने. रोहेकराला आणखी पुढे वडखळ, नागोठणे, भिसे खिंड. त्या रात्री मी एका टेम्पोत मागे बसून आलो, कानांत अजून गिटार, आणि वडखळ नाक्यावर उगाच पुढे जाऊन चहा प्यायलो, कारण घरी गेलो की ती रात्र संपणार होती. मुंबईकरांची मैफल पहिल्या गाण्याला सुरू होऊन शेवटच्याला संपते. आमची घराच्या उंबऱ्यापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत असते. म्हणूनच आम्ही ती इतकी लांबवून सांगत असू.

पॉलिश पेपर घासणारा पुतण्या आता हात पुसतो. त्याची पाळी आहे आणि सगळ्यांना ते कळलंय. तो १७ मे ला महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स एन रोझेसला गेला होता. मेमध्ये कारखाना ऐन भरात; एकाच माणसाला सुट्टी मिळणार होती आणि काकाने ती पुतण्याला दिली.

यामागे एक जुनी गोष्ट आहे. ९ डिसेंबर २०१२, रविवार. हाच बँड बीकेसीला आला होता, तेव्हा आम्ही तिघं गेलो. गाणारा ऍक्सल होता, पण गिटारवाला स्लॅश नव्हता. त्या दोघांचं तेव्हा जुळत नव्हतं. कार्यक्रम लांबला. सकाळी साचे भरायला माणसं येणार होती, वडील आजारी, आणि कारखानदार घड्याळ बघून म्हणाला, "मी निघतो. हार्बरची शेवटची मिळेल." आम्ही थांबलो. 'पॅराडाइज सिटी' राहिलं होतं. ते शेवटी वाजतं हे त्यालाही ठाऊक होतं. कॅसेट त्याचीच होती, आम्ही दोघांनी ती त्याच्याच टेपवर ऐकली होती.

आम्ही त्याला ते गाणं पुढे कधी नीट सांगितलं नाही. थांबलो याची लाज वाटायची.

"सांग," काका म्हणतो. कुंचला त्याने पाण्यात ठेवलाय.

पुतण्या रंगाचा रिकामा डबा उलटा घेतो. "आधी हळू. नुसती गिटार. स्लॅश, टोपी घालून. मग ड्रम येतो, असा." दोन बोटांनी डब्यावर ठेका. स्पीकर कुणीतरी बंद केलाय. "सगळे हात वर करून गायला लागतात, अजून हळूच. मग एकदम थांबल्यासारखं होतं आणि ऍक्सल शिट्टी फुंकतो. खरीखुरी, तोंडातली. आणि मग काका..." डबा घणघणायला लागतो, लेक मुकुट खाली ठेवून हसते, पलीकडून आईंचा खोकला येतो आणि पुतण्या पटकन हात आवरतो.

"शिट्टी," कारखानदार म्हणतो.

"हो."

"२०१२ लाही फुंकली होती का?" हा प्रश्न आम्हा दोघांना.

"फुंकली होती," रोहेकर सांगतो.

तो थोडा वेळ पावसाकडे बघत राहतो. "कुर्ला स्टेशनच्या रस्त्याला होतो मी. धावतच होतो. मागून शिट्टी ऐकू आली. मला वाटलं, ट्रॅफिक पोलीस. वळलो नाही."

रोहेकर काहीतरी म्हणायला तोंड उघडतो आणि भज्यांची ताटली त्याच्याकडे सरकवतो.

कारखानदार वाटीत काळा कालवायला घेतो. आता बोलायचं नाही, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. आखणी सुरू झाली की कारखान्यात कुणी बोलत नाही. लेक दिवा जवळ आणते. तो मधल्या रांगेतली एक मूर्ती समोर घेतो, श्वास रोखतो आणि उजव्या डोळ्याची वरची रेघ एका दमात ओढतो.

मग डावी.

पत्र्यावर पाऊस तसाच. रोहेकराची बोटं गुडघ्यावर ठेका धरतात, आवाज न करता.