ऑस्प्रेच्या पाठीवरचा टॅग काय सांगतो, काय नाही

संगणकाच्या पडद्यावर स्कॉटलंडमधून एक लाल रेघ निघते. इंग्लंड मागे टाकून ती बिस्केच्या उपसागरावर जाते, स्पेनमध्ये उतरते, मोरोक्को आणि सहारा ओलांडून सेनेगलच्या किनाऱ्याला टेकते. अंतर सुमारे 5,000 किलोमीटर. ही रेघ एका ऑस्प्रेची असते. मासळीवर जगणाऱ्या या शिकारी पक्ष्याला आपल्याकडे कुणी मीनखाई घार म्हणतं, कुणी कैकर.

स्वीडन आणि जर्मनीतल्या अभ्यासकांनी 1990च्या दशकात ऑस्प्रेंच्या पाठीवर ट्रान्समीटर, म्हणजेच टॅग, बसवायला सुरुवात केली. स्कॉटलंडमध्ये पक्षी-अभ्यासक रॉय डेनिस यांनी 1999 पासून हे काम हाती घेतलं. आता असे नकाशे कुणीही घरबसल्या पाहू शकतो. पण ती रेघ इतकी ठसठशीत असते, की तिच्यावर आपला नको तितका विश्वास बसतो.

‘उपग्रह वरून पक्ष्यावर नजर ठेवतो,’ हा पहिला समज. उपग्रहाला पक्षी दिसतच नाही. पक्ष्याच्या पाठीवरचं यंत्र संदेश पाठवतं आणि उपग्रह तो ऐकतो, इतकंच. आर्गोस या जुन्या पद्धतीत संदेशाच्या बदलत्या वारंवारतेवरून जागा काढली जाते. त्यात चूक कधी काही शे मीटरची, तर कधी काही किलोमीटरची असते. नंतर टॅगमध्ये जीपीएस आलं आणि ही चूक काही मीटरांवर आली. तरीही हाती येतात ते सुटे बिंदूच. दोन बिंदूंमध्ये दोन-तीन तास गेले असतील, तर त्या वेळात पक्षी एखाद्या तळ्यावर वळून मासा धरूनही आला असेल. मधली सरळ रेघ आपण ओढलेली असते.

यापुढचा समज लोकांना खरोखर चटका लावतो : ‘सिग्नल थांबला म्हणजे पक्षी गेला.’ कोकणात 2022 मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांना टॅग लावले, तेव्हाही एकेकाचा सिग्नल बंद पडला की अशीच हळहळ सुरू व्हायची. आजचे बरेचसे टॅग मोबाइलच्या जाळ्यातून माहिती पाठवतात. सहारात टॉवर कुठून असणार? तिथं टॅग गप्प बसतो, बिंदू साठवून ठेवतो आणि रेंज मिळाली की सगळे एकदम पाठवतो. टॅग सौरऊर्जेवर चालतो. ढगाळ हवा लांबली किंवा वाढलेली पिसं पॅनेलवर आली, तरी बॅटरी उतरते. शिवाय यंत्र बिघडतं आणि पट्टा झिजून गळूनही पडतो.

याची उलट बाजू मात्र फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. सिग्नल येतोय म्हणजे पक्षी जिवंत आहे, असंही नाही. मेलेल्या पक्ष्याच्या पाठीवरचा टॅग ऊन मिळतं तोवर बिंदू पाठवत राहतो. सगळे बिंदू एकाच जागी साचू लागले आणि हालचाल नोंदवणारा आकडा शून्यावर आला, की अभ्यासकांना शंका येते. मग कुणीतरी प्रत्यक्ष तिथं जाऊन पाहायचं असतं. नकाशाचं काम तिथं संपतं.

माझ्या मते सगळ्यांत रंजक गैरसमज आहे तो ‘आई-बाप पिल्लांना वाट दाखवतात’ हा. माणसाला ही कल्पना आवडते, कारण आपण पोरांना बोट धरूनच शाळेत नेतो. ऑस्प्रेच्या घरात मात्र आई बहुधा ऑगस्टमध्येच निघून जाते. बाप मागे राहून पिल्लांना मासे पुरवतो. पुढे पिल्लं आपापली निघतात. भावंडंसुद्धा एकत्र जात नाहीत. जन्मून जेमतेम तीन महिने झालेलं, एकदाही देशाबाहेर न गेलेलं पिल्लू एकटं दक्षिणेची वाट धरतं. दिशा आणि साधारण किती दिवस उडायचं, हे ते जन्मतःच घेऊन येतं. बाकी सगळं वाटेत शिकतं. अमेरिकेच्या मार्थाज व्हिन्यर्ड बेटावरचं पेनेलोपी नावाचं पिल्लू 2008 मध्ये असंच एकटं निघालं आणि 13 दिवसांत सुमारे 4,300 किलोमीटर कापून दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानात पोचलं.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. अनुभवी पक्षी वाऱ्यानं ढकललं तर वाट दुरुस्त करतो. पिल्लाला ते जमतंच असं नाही. ब्रिटनमधली काही टॅग लावलेली पिल्लं पूर्वेच्या वाऱ्यानं अटलांटिकवर भरकटली आणि तिथंच संपली. जी पोचतात, ती लगेच परतत नाहीत. पुढचा उन्हाळाही ती आफ्रिकेतच काढतात आणि बहुधा दोन वर्षांची झाल्यावर जन्मगावी येतात. ‘गेल्या वर्षीचं पिल्लू यंदा आलं नाही’ म्हणून एप्रिलमध्ये कुणी उसासे टाकत असेल, तर ते उसासे एक वर्ष लवकर निघालेत.

जोडप्याबद्दलही असाच एक गोड समज आहे. नर-मादी दरवर्षी त्याच घरट्यावर येतात, म्हणून हिवाळाही ते सोबत काढतात असं वाटतं. तसं नाही. दोघांचे मुक्काम वेगळे असतात. त्यांची निष्ठा जोडीदारापेक्षा जागेवर जास्त असावी, असं मला वाटतं. इंग्लंडच्या रटलंडमधल्या 30(05) या मादीला 2013 मध्ये टॅग लावला. सेनेगलमध्ये डाकार आणि सेंट लुई यांच्या मधल्या किनाऱ्याचा एक ठरावीक पट्टा ती दर हिवाळ्यात गाठायची. तिच्या नावातला 30 हा पायातल्या कड्याचा क्रमांक आणि 05 हे कडं घातलं ते साल.

टॅगचं ओझं? वजन पक्ष्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांच्या आत असावं, असा संकेत आहे. दीड किलोच्या ऑस्प्रेला तीसेक ग्रॅमचा टॅग त्यात सहज बसतो. पण ‘काहीच त्रास होत नाही’ असं छातीठोकपणे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पट्टा चुकीचा बसला तर इजा होऊ शकते. म्हणूनच हे काम परवाना असलेल्या सरावाच्या हातांनीच करायचं असतं.

आता आपल्याकडचं. भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात ऑस्प्रे दिसला की ‘हा युरोपातून आला’ असं कुणीतरी सांगतंच. पण ब्रिटनचे ऑस्प्रे पश्चिम आफ्रिकेकडे जातात. आपल्याकडचे पाहुणे बहुधा आशियाच्या उत्तर भागातून येतात. ऑस्प्रेशी गल्लत होऊ शकेल असा, कोकण किनाऱ्यावर उंच झाडावर घरटं करणारा समुद्र गरुड हाही वेगळा पक्षी. तो इथला रहिवासी आहे.

ऑस्प्रे पाण्यावर सूर मारताना पाय पुढे काढतो. त्या क्षणी फोटो मिळाला तर पाय नीट पाहा. एखादं कडं दिसलं, तर त्याचा रंग, अक्षरं आणि ते कुठल्या पायात आहे हे टिपून फोटोसह मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला जरूर कळवा.