फाल्कन 20 : साहेबांच्या विमानाचं दुसरं आयुष्य

अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ स्मिथ्सोनियनचं उद्वार-हेझी केंद्र आहे. तिथे ‘वेंडी’ नावाचं एक छोटं विमान जपून ठेवलंय, फ्रान्सच्या दासो कंपनीचं फाल्कन 20. कंपन्यांच्या वरिष्ठांनी ऐसपैस बसून प्रवास करावा म्हणून आखलेली ही जात; वेंडीने मात्र पार्सलं वाहिली. जुन्या बिझनेस जेटच्या आयुष्याबद्दल जे सांगावंसं वाटतं, ते या विसंगतीतच आहे.

4 मे 1963 रोजी बोर्दोजवळच्या मेरिन्याक इथे फाल्कन पहिल्यांदा उडालं. दासोचा हात लढाऊ विमानांवर बसलेला, त्यामुळे सांगाडा दणकट आणि सुकाणूच्या पृष्ठभागांना हायड्रॉलिक जोर. अमेरिकेच्या पॅन ॲम विमान कंपनीसाठी नामवंत वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग विमान पाहून गेला आणि पॅन ॲमने 40 विमानांची मागणी नोंदवली. जून 1965 मध्ये वैमानिक जॅकलिन ओरिओल यांनी ते 1000 किलोमीटर अंतरावर ताशी 859 किलोमीटर सरासरी वेगाने नेलं. आजही हा वेग हिणवण्यासारखा नाही.

पहिल्या नमुन्याची इंजिनं लवकरच बदलली आणि जनरल इलेक्ट्रिकचं सीएफ700 आलं. हे इंजिन मला फार आवडतं. आज आपण पाहतो त्या इंजिनांत पंखा पुढे असतो, यात तो मागे. लढाऊ विमानांच्या जे85 इंजिनाच्या गाभ्यामागे एक सुटं फिरणारं चाक; त्याच्या प्रत्येक पात्याचा आतला भाग टर्बाइनचा, बाहेरचा भाग पंख्याचा. आतल्या भागावर तापलेला वायू, बाहेरच्या भागाला थंड हवा. कल्पना देखणी, पण इंजिन तहानलेलं आणि कानठळ्या बसवणारं.

वेंडीचं नशीब एका नियमाने घडवलं. त्या काळी अमेरिकेत मालवाहू विमानसेवेच्या परवान्याचं लोढणं टाळायचं तर विमानाने वाहायचा भार 7,500 पौंडांच्या आत असावा लागे. फाल्कन त्यात बसत होतं. फेडरल एक्स्प्रेस या कुरियर कंपनीने विमानाच्या कुशीला मोठं दार पाडून घेतलं आणि 17 एप्रिल 1973 च्या रात्री मेम्फिसला केंद्र करून 14 फाल्कननी 25 शहरांसाठी 186 पार्सलं उचलली. 1977 मध्ये मालवाहतुकीवरचे निर्बंध उठल्यावर मोठी विमानं आली आणि हळूहळू छोट्या फाल्कनची गरज सरली.

जुनं विमान घेणाऱ्याला खरेदीची किंमत फसवते. विमान स्वस्तात मिळतं, पण त्याचा खर्च नवाच राहतो. काही तपासण्या उड्डाणाच्या तासांवर येतात, काही उतरण्यांच्या संख्येवर, तर काही निव्वळ कॅलेंडरवर, विमान हँगरमध्ये उभं असलं तरी. उलट उभं विमान जास्त भोगतं : सील वाळतात, इंधनाच्या टाकीत पाणी साचून गंज चढतो. लॉगबुकातली पानं हरवली असतील, तर धडधाकट भागसुद्धा कागदाअभावी बदलावा लागतो. म्हणून जाणकार आधी वह्या वाचतात, मग विमानाभोवती फिरतात.

शिवाय नियम बदलतात. 20 जानेवारी 2005 पासून अमेरिकेच्या आकाशात 29,000 ते 41,000 फुटांच्या पट्ट्यात विमानांमधलं उभं अंतर 2,000 फुटांवरून 1,000 फुटांवर आलं. तिथे शिरायला काटेकोर उंचीमापक आणि ऑटोपायलट हवा. ही साधनं नसतील तर खालच्या दाट हवेतून जायचं आणि जास्त इंधन जाळायचं. म्हणजे यंत्रात काहीही न बिघडता विमानाचा पल्ला घटला. 2015 सरता सरता आवाजाची मर्यादाही आली आणि गोंगाट करणाऱ्या जुन्या छोट्या जेटना अमेरिकेच्या मुख्य भूमीवर उडायची बंदी झाली. ज्या मालकांनी त्याआधीच गॅरेटची टीएफई731 इंजिनं बसवून घेतली होती, त्यांची विमानं कमी इंधनात लांब जात होती, शिवाय आवाजही आवाक्यात होता. सांगाडा तोच, साठच्या दशकात आखलेला. आयुष्य मात्र इंजिनाने वाढवलं.

या दणकट सांगाड्याला शास्त्रज्ञांनीही ओळखलं. जर्मन अवकाश संस्था डीएलआरने 1976 पासून एक फाल्कन संशोधनाला जुंपलं. एप्रिल 2010 मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीने युरोपची विमानं जमिनीवर बसवली, तेव्हा 19 तारखेला तेच विमान राखेचे थर मोजायला वर गेलं.

आणि 29 ऑक्टोबर 2012 रोजी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचं फाल्कन ओटावाहून उडालं, ते निव्वळ बायोफ्युएलवर. नागरी जेट विमानाचं असं ते पहिलं उड्डाण. इंजिनं तीच, मागे पंखा असलेली सीएफ700. आणि त्यांच्या धुराचं मोजमाप करत पाठोपाठ एक टी-33 जेट उडत होतं, फाल्कनपेक्षाही म्हातारं.