विलो आकृतिबंध

विलो आकृतिबंध : पांढऱ्या मृत्पात्रांवर निळ्या रंगात छापला जाणारा, चिनी धाटणीच्या निसर्गदृश्याचा एक इंग्लिश आकृतिबंध. इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यात १७९० च्या सुमारास तो रूढ झाला व पुढील शतकात इंग्रजी भाषिक जगातील सामान्य घरांच्या जेवणाच्या मेजावर सर्वत्र पोहोचला. विलो म्हणजे वाळुंजाच्या प्रजातीतील, फांद्या खाली लोंबत असलेला वृक्ष. तो चित्राच्या मध्यभागी असल्यामुळे हे नाव पडले. या भांड्यांना कलामूल्य बेताचेच आहे; ती दुर्मिळही नाहीत. असे असूनही ती पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली, आवडीने जमविली गेली व वापरली गेली. नक्षीदार भांड्यांविषयी माणसाला जो जिव्हाळा वाटतो, तो त्यांच्या किंमतीवर किंवा प्राचीनत्वावर अवलंबून नसतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

चित्रविषय : प्रमाणभूत विलो बशीवर उजव्या बाजूस दुमजली चिनी वाडा, त्यामागे फळांनी लगडलेला वृक्ष आणि पुढे नागमोडी कुंपण असते. मध्यभागी पाण्यावर झुकलेला विलो व त्याजवळ कमानींचा पूल असून त्यावरून तीन व्यक्ती जात असतात. पाण्यात एक नाव, पलीकडे लहान घर असलेले बेट व सर्वांत वर समोरासमोर उडणारे दोन पक्षी दिसतात. कडेला भौमितिक आकृत्यांची रुंद किनार असते. निरनिराळ्या कारखान्यांच्या भांड्यांत फळांची संख्या, पुलावरील व्यक्ती, कुंपणाची वळणे इ. तपशिलांत फरक आढळतो. संग्राहक या फरकांचा बारकाईने अभ्यास करतात.

पूर्वपीठिका : पांढऱ्या पोर्सलिनवर कोबाल्टच्या निळ्या रंगाने चित्रे काढण्याची कला चीनमध्ये चौदाव्या शतकात, युआन राजवटीत, परिपक्व झाली. जिंगडेझन हे तिचे प्रमुख केंद्र होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी व सतराव्या शतकात डच आणि इंग्रज ईस्ट इंडिया कंपन्यांनी ही भांडी यूरोपात नेली. तेथे ती राजेरजवाड्यांच्या व धनिकांच्या संग्रही राहिली. जर्मनीतील माइसेन येथे १७१० मध्ये पोर्सलिनचा कारखाना निघाला, तरी त्याचा मालही सामान्यांच्या आवाक्याबाहेरच होता.

इंग्लंडमध्ये ही परिस्थिती दोन कारणांनी पालटली. १७८४ च्या कायद्याने चहावरील जकात सु. ११९ टक्क्यांवरून १२·५ टक्क्यांवर आणली गेली व चहा हे सर्वसामान्यांचे पेय होऊ लागले. त्याबरोबर चहाच्या भांड्यांची मागणी वाढली. पुढे १७९१ मध्ये इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीने चिनी भांड्यांची घाऊक आयात थांबविली. ही पोकळी स्टॅफर्डशरच्या कुंभारांनी भरून काढली. जोसाया स्पोड (१७३३–९७) यांनी स्टोक येथे १७८४ च्या सुमारास झिलईखालील निळ्या छपाईचे तंत्र यशस्वी केले आणि १७९० च्या सुमारास चिनी नमुन्यांतील घटक एकत्र करून विलो आकृतिबंध प्रचारात आणला. म्हणजे तो मूळचा चिनी नव्हे. चीनची इंग्लिश कल्पनेतील प्रतिमा एवढेच त्याचे स्वरूप होय. पुढे परदेशी गिऱ्हाइकांची आवड पाहून खुद्द चिनी कारागिरांनीही तो निर्यातीच्या मालावर काढला.

निर्मितिप्रक्रिया : आकृतिबंध प्रथम तांब्याच्या पत्र्यावर कोरला जाई. कोबाल्ट ऑक्साइड व तेल यांची दाट शाई तापविलेल्या पत्र्यावर चोळून कोरलेल्या रेषांत भरीत व वरचे पुसून टाकीत. त्यावर पातळ चिवट कागद दाबून ठसा घेत. कागद कात्रीने कापून एकदा भाजलेल्या, सच्छिद्र भांड्यावर चिकटवीत आणि ताठ ब्रशाने घासून शाई भांड्यात उतरवीत. नंतर कागद पाण्याने धुऊन काढला जाई. मंद आचेवर तेल जाळून टाकल्यावर भांडे झिलईच्या द्रवात बुडवून पुन्हा भट्टीत घालीत. निळा रंग पारदर्शक झिलईच्या आत कायमचा बंदिस्त होत असल्याने रोजच्या वापराने तो झिजत नाही.

हाताने एक बशी रंगविण्यास कुशल चित्रकाराला बराच वेळ लागे. छपाईने तेच काम काही मिनिटांत होऊ लागले. लिव्हरपूल येथील जॉन सॅडलर व गाय ग्रीन यांनी १७५६ मध्ये, झिलईवर छपाई करून, सहा तासांत १,२०० हून अधिक फरश्या छापल्याचे प्रतिज्ञेवर नमूद केले होते. या वेगामुळे भांडी स्वस्त झाली. एकोणिसाव्या शतकात स्टॅफर्डशरच्या कुंभारांच्या दरपत्रकांत छापील भांड्यांपैकी विलोची भांडी सर्वांत स्वस्त असत. या स्वस्ताईची किंमत मात्र कामगारांना मोजावी लागली. कागद कापण्याचे व चिकटविण्याचे काम प्रामुख्याने स्त्रिया व अल्पवयीन मुली करीत. झिलईत शिसे असल्यामुळे भांडी बुडविणाऱ्या कामगारांना शिशाची विषबाधा होई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याविरुद्ध नियम करण्यात आले.

आख्यायिका : बशीवरील चित्राची कथा सर्वश्रुत आहे. एका धनाढ्य चिनी अधिकाऱ्याची मुलगी कूंगसी हिचे वडिलांचा चिटणीस चँग याच्यावर प्रेम जडते. बाप चँगला काढून टाकतो, वाड्याभोवती कुंपण घालतो व मुलीचे लग्न ताजिन नावाच्या वृद्ध सरदाराशी ठरवितो. लग्नाच्या सुमारास प्रेमिक पळून जातात. पुलावर कूंगसी पुढे, रत्नपेटी घेतलेला चँग मधे व चाबूक घेतलेला बाप मागे असतो. दोघे नावेतून बेटावर जाऊन राहतात. परंतु सरदाराचे सैनिक चँगला ठार मारतात आणि कूंगसी घराला आग लावून प्राण देते. देव त्या दोघांना पक्ष्यांचे रूप देतात.

ही कथा चिनी लोककथा म्हणून सांगितली जात असली, तरी ती इंग्लंडमध्येच रचली गेली. मार्क लेमन या लेखकाने १८३८ मध्ये या बशीचा एक विनोदी ‘इतिहास’ प्रसिद्ध केला होता. वर दिलेले तपशीलवार रूप १८४९ मध्ये फॅमिली फ्रेंड या इंग्लिश मासिकात आले. म्हणजे चित्र आधी व कथा सु. ६० वर्षांनंतर, असा क्रम आहे. तथापि या कथेने बशीचे स्थान पालटले. बशीतील अन्न संपत जाई तसतसा पूल, नाव व पक्षी उघडे पडत आणि घरातील वडीलधारी माणसे मुलांना तीच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत. कथा बनावट होती; पण ती सांगणारी आजी आणि ऐकणारी मुले खरी होती. बशीशी जडलेली आठवण कथेची नसून त्या सांगण्याची असते.

जॉर्ज मेरेडिथ यांनी द इगोइस्ट (१८७९) या कादंबरीच्या नायकाचे नावच ‘विलोबी पॅटर्न’ असे ठेवले. अमेरिकेत वॉल्ट डिझ्नी यांच्या कंपनीने १९३१ मध्ये चिनी बशीवरील चित्र जिवंत होते अशा कल्पनेवर व्यंगपट काढला.

भावनिक मूल्य : नक्षीदार भांड्यांविषयीच्या जिव्हाळ्याची कारणे अनेक आहेत. भांडे हाताळले जाते, ओठांना लागते व दिवसातून अनेकदा दिसते. चित्र भिंतीवर टांगले की हळूहळू नजरेआड होते, बशी मात्र रोज धुवावी, पुसावी व मांडावी लागते. भांड्यांचा संच ही एकत्र जेवणाऱ्या माणसांची गणती असते. त्यामुळे संचातील एक पेला फुटला तरी उणीव जाणवते आणि माणसे कमी झाली तरी उरलेले पेले ती उणीव दाखवितात. शिवाय घर व जमीन प्रायः पुरुषांच्या नावे राहिली. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रियांना मालमत्तेचे हक्क १८७० व १८८२ च्या कायद्यांनी मिळाले. त्यापूर्वी व त्यानंतरही भांडी ही आईकडून मुलीकडे जाणारी ठेव होती.

या जिव्हाळ्याचे सूक्ष्म विश्लेषण चार्ल्स लँब यांच्या ‘ओल्ड चायना’ (१८२३) या निबंधात आढळते. त्यात निवेदक व त्याची बहीण जुन्या निळ्या पेल्यांतून चहा घेत असताना गरिबीच्या दिवसांची आठवण निघते. पैसा जेमतेम होता तेव्हा एखादी वस्तू घेण्यापूर्वी कितीतरी दिवस विचार चाले, म्हणून ती मिळाल्याचा आनंद मोठा असे. पुढे पैसा आला, तेव्हा खरेदी ही केवळ खरेदी राहिली, असे बहिणीचे म्हणणे आहे. भाऊ ते हळुवारपणे खोडून काढतो. उतारवयात स्वास्थ्य असलेलेच बरे, असे त्याचे मत. वस्तूचे मोल तिच्यासाठी सोसलेल्या काटकसरीत असते, की तिने दिलेल्या सुखात, हा प्रश्न निबंध मोकळा ठेवतो.

स्थलांतरितांच्या बाबतीत हे मूल्य विशेष जाणवते. उत्तर अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील वसाहतकालीन वस्त्यांच्या उत्खननांत, श्रमिकांच्या घरांच्या जागीही, विलोचे तुकडे वारंवार सापडतात. अपरिचित मुलुखात मांडलेली तीच निळी बशी मागे राहिलेल्या घराची खूण ठरत असावी.

संग्रह : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये जुन्या निळ्या चिनी भांड्यांच्या संग्रहाचे वेड पसरले. चित्रकार व्हिस्लर व कवी-चित्रकार रोझेटी हे त्यात अग्रेसर होते. व्हिस्लर यांनी १८७६-७७ मध्ये रंगविलेली ‘मयूर खोली’ (सध्या वॉशिंग्टन येथे) ही मुळात एका जहाजमालकाच्या चिनी भांड्यांसाठी बांधलेली भोजनशाला होती. हा संग्रह प्रदर्शनासाठी होता. विलोचा संग्राहक प्रायः वेगळ्या वाटेने येतो. त्याच्याकडे आजीची एक बशी असते, तिला जोड शोधता शोधता संग्रह वाढतो.

या शोधासाठी काळनिश्चितीच्या काही खुणा उपयोगी पडतात. किनारीच्या छापील कागदाची टोके जेथे मिळतात तेथे नक्षी तुटलेली दिसते. कागदी छपाईची ही खूण होय. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यानुसार आयात मालावर उत्पादक देशाचे नाव आवश्यक झाल्याने केवळ ‘इंग्लंड’ असा शिक्का असलेली भांडी सामान्यतः १८९१ नंतरची मानतात. अमेरिकेतील बफलो पॉटरी या कारखान्याने १९०५ पासून विलोची भांडी काढली, तर विसाव्या शतकात जपानमधूनही मोठी निर्यात झाली. बंद पडलेल्या आकृतिबंधांची सुटी भांडी पुरविणे हा पुढे स्वतंत्र व्यवसाय झाला. अमेरिकेत ग्रीन्सबरो येथे १९८१ मध्ये खास याच कामासाठी एक कंपनी स्थापन झाली. तिच्याकडे येणारे गिऱ्हाईक नवा संच मागत नाही, फुटलेली एक बशी मागते.

वापर व निगा : भांडी कपाटात जपावीत की वापरावीत, हा संग्राहकांपुढील कायमचा पेच आहे. वापरली तर ती फुटतात. न वापरली तर ज्या सहवासाने त्यांना मोल आले, तो सहवासच खुंटतो व पुढच्या पिढीला ती केवळ जुनी भांडी वाटू लागतात. व्यवहारात मध्यम मार्ग सोयीचा ठरतो : संचातील धड भांडी सणासमारंभाला काढावीत, दुर्मिळ नग मांडून ठेवावेत. झिलईला बारीक तडे गेलेल्या जुन्या भांड्यांत डाग व ओलावा मुरतो. जुन्या झिलईत शिसे असण्याचा संभव असल्याने त्यांत आंबट पदार्थ ठेवू नयेत. सोनेरी किनारीची भांडी सूक्ष्मतरंग भट्टीत वा भांडी धुण्याच्या यंत्रात घालू नयेत. फुटलेले भांडे चिकटवून ठेवण्याची प्रथाही जुनी आहे. पूर्वी तुकडे धातूच्या टाचण्यांनी जोडीत. असे टाचलेले भांडे बाजारात कमी किंमतीला जाते, पण ते कोणीतरी टाकून दिले नाही, याची ती साक्ष असते.

भारतातील स्थिती : चीनशी व्यापार करणाऱ्या मुंबईच्या पारशी घराण्यांत चिनी भांडी एकोणिसाव्या शतकात आली. सर रतन टाटा (१८७१–१९१८) व सर दोराबजी टाटा (१८५९–१९३२) यांच्या संग्रहांतील चिनी व जपानी मृत्पात्रे मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियममध्ये (सध्याचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) आहेत. इतरत्र मात्र धातूचे भांडे घासून शुद्ध होते, मातीचे होत नाही, या समजुतीमुळे चिनी मातीला स्वयंपाकघरात उशिरा प्रवेश मिळाला. मराठी घरांत भावनिक ठेवीचे स्थान दीर्घकाळ तांब्या-पितळेच्या, नाव कोरलेल्या भांड्यांकडे राहिले. चिनी मातीपैकी लोणच्याची बरणी व चहाबरोबर आलेली कपबशी यांनीच घरात घट्ट पाय रोवले. कपबशी आतिथ्याची खूण झाली, त्याचप्रमाणे भेदाचीही झाली : अनेक गावांत हॉटेलांतून दलितांसाठी वेगळ्या कपबश्या ठेवल्या जात. एकाच भांड्यात माया व अवहेलना दोन्ही साठू शकतात, हे यावरून दिसते.

उत्तरकाल : स्टॅफर्डशरचा मृत्पात्री-उद्योग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खालावला. स्टोक येथील स्पोडचा मूळ कारखाना २००८ मध्ये बंद पडला व ते नाव पुढल्या वर्षी दुसऱ्या कंपनीकडे गेले. कागदावरून ठसा उतरविण्याची जुनी पद्धत बहुतेक ठिकाणी लुप्त झाली असली, तरी बर्स्लेम येथील मिडलपोर्ट पॉटरीत (स्थापना १८८९) ती एकविसाव्या शतकातही चालू राहिली. विलो आकृतिबंधाची भांडी आता अनेक देशांत यांत्रिक छपाईने निघतात. जुनी व नवी बशी शेजारी ठेवल्यास चित्रात फारसा फरक आढळत नाही. फरक असतो तो जुन्या बशीच्या तळाशी पडलेल्या सुऱ्यांच्या ओरखड्यांत. अनेक वर्षांच्या जेवणांनी उमटविलेली ती नोंद नव्या बशीवर छापता येत नाही.